मुख्य विषय

मुहर्रकमध्ये, बंद पडलेल्या बर्फ-कारखान्यात
आमची शाळा.
भिंतींना अजून अमोनियाचा वास आहे, असं जासिम म्हणायचा.
मला यायचा तो ओल्या मातीचा
आणि फाटकाजवळच्या करक चहाचा.

पहिला तास याकूब सरांचा.
बोरूचं टोक तिरकं छाटून हातात द्यायचे,
म्हणायचे, आधी ठिपका काढ.
अलिफ किती उंच? सात ठिपके.
ज्या लेखणीने लिहायचं तिनेच मोजायचं,
दुसऱ्याची पट्टी लावायची नाही.
वहीच्या मागे मी 'ऋ' काढून दाखवला.
तो किती ठिपक्यांचा, ते त्यांनाही सांगता येईना.
बराच वेळ बघून म्हणाले,
तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी
वरून लोंबतात.
आमची खाली बसतात, गप्पांना बसल्यासारखी.

पुढचा तास नाचाचा.
नायरीबाई ओरडायच्या, वजन कुठंय तुझं?
बावन्न किलो, मी म्हणाले. वर्ग फुटला हसून.
कोणत्या पायावर, एवढंच विचारलं होतं त्यांनी.

मग माती, ऊद, नाटक.
घरी यायचे ती नखांत शाडू, बोटांवर तारांचे चरे
आणि तोंडात कुणा दुसऱ्याचे संवाद घेऊन.
शुक्रवारी बार्शीची आत्या फोनवर:
म्हणजे नक्की काय शिकतेस गं तू?
एक ना धड...
म्हण तिने अर्धीच सोडली.
उरलेल्या भाराभर चिंध्या
मी रात्रभर मोजत बसले.

याकूब सरांच्या दौतीत मात्र एक चिंधी होती.
कच्च्या रेशमाची, शाईत बुडून काळी झालेली.
ही कशाला, मी विचारलं.
ती नसली तर बोरू हावरटासारखी शाई पितो, म्हणाले,
आणि पहिल्याच अक्षराला ओकतो.

मे महिन्यात एका मंगळवारी एसी बसला.
सगळ्या वर्गांना खाली हाकललं,
जिथे पूर्वी लाद्या रचायचे त्या खोलीत.
दिनुकी माती मळत होती, धप्, धप्.
दमट हवेत जासिमच्या खुंट्या सरकत होत्या,
तो शिव्या घालत तारा पिळत होता.
नायरीबाईंनी आकडे मोजणं कधी थांबवलं कळलं नाही,
पाय दिनुकीच्या हातावर पडत होते.
मला कागद पसरायला जागा नव्हती.
झाडू बादलीत बुडवला
आणि सिमेंटवरच लिहायला घेतलं.
खालचं वळण येईतो वरचं टोक वाळून गेलेलं.
नाचणाऱ्या मुली ओल्या रेघांवर पाय न देता
उड्या मारत गेल्या,
वाळलेल्या रेघांवरूनही.

दाराशी बाबा उभे होते.
ड्रायडॉकवरून थेट आलेले, हेल्मेट काखेत,
तिथे ते जहाजांची वेल्डिंग तपासतात.
किती वेळ उभे होते कोण जाणे.
गाडीत पूल ओलांडेपर्यंत काही बोलले नाहीत.
मग, सिग्नलला:
तू रेघ संपायच्या आत श्वास सोडतेस.
तिथे ती जाड होते.
आमच्यात सांधा संपल्यावर सोडतात.

अकरावीचा फॉर्म त्याच आठवड्यात आला.
मुख्य विषय. एकच लिहा.
रकाना मी बोरूने मोजला, जेमतेम पाच ठिपके.
आई म्हणाली, लिही काहीतरी, शाळा उद्या मागतेय.
बाबा जेवत होते, आमटीतून मान वर केली नाही.
फॉर्म अरबी आणि इंग्रजीत होता.
मी आधी पेन्सिलीने, मराठीत,
श्वास धरून 'अक्षरलेखन' लिहिलं.
शेवटचा 'न' रकान्यात मावला नाही.
बाहेर उभा राहिला,
सगळं वजन एका पायावर टाकून.

मग सोडला श्वास.