विरजण मागायला

वडील गेले फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
आणि शवपेटीचं माप देण्याआधी
आईनं कोठारात जाऊन माल्टची पोती मोजली :
दोन, आणि वर एक टोपलं.
माणूस पोचवायचा तर बियर घरचीच हवी.
दुकानातल्या डब्यांवर टूरगिल्सला निरोप?
"त्यापेक्षा पाणी वाटेन," ती म्हणाली.

मी राहतो बर्गनला.
तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बियर करतो.
माझ्याकडे वही आहे :
किती अंशांवर माल्ट भिजवला,
कितव्या मिनिटाला हॉप्स टाकले.
दोन स्टाउट, एक गव्हाची ढगाळ,
एक पेल एल, शेजाऱ्यांनी सभ्यपणे संपवलेली.
यीस्ट पाकिटातून येतं,
पाठीवर मुदत छापलेली.

वडिलांचं माळ्यावर टांगलेलं असायचं.
बर्चच्या तुकड्यांत तुकडे अडकवून केलेलं कडं,
फेसात बुडवून चुलीच्या उबेवर वाळवलेलं,
खाचाखाचांत तपकिरी खपली.
पोर जन्मलं की भिजवायचं,
लग्न ठरलं की भिजवायचं.
शिडी लावून मी ते खाली काढलं
तर उंदरांनी कोरून लख्ख केलेलं.

"जा मग गुडलाउगकडे."

गुडलाउग, ओढ्यापलीकडची.
झऱ्याच्या एका नळावरून
एकोणीस वर्षं आमच्या दोन घरांत शब्द नव्हता.
पण त्याच्याही आधी, ती नवी नवरी असताना,
विरजण आमच्याकडूनच गेलं होतं,
आणि ही गोष्ट दोन्ही घरांनी
भांडणात एकदाही काढली नव्हती.

गुडघाभर बर्फातून गेलो, वाक्यं जुळवत.
तिनं दार उघडलं,
माझ्या हातातली रिकामी बरणी बघितली
आणि सरळ फ्रीजरकडे वळली.
मटारच्या पिशवीखालून एक पुरचुंडी.
"तुमचंच आहे. व्याज धरून ने."
मग कोट घालून माझ्यामागून आली,
न बोलावता.

तांब्याच्या हंड्यात जुनिपरच्या फांद्या,
पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं.
त्याच फांद्यांची गादी लाकडी पिंपाच्या तळाशी,
तिच्यावर माल्ट, आणि मग चार तास
कुणी कुणाला घाई करायची नाही.
हॉप्स मूठभर, फडक्यात बांधून.
"उकळायचं कधी?" मी विचारलं.
दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

आईनं कोपर बुडवलं,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. "झालं."
मी गुपचूप थर्मामीटर घातला : अडतीस.
माझ्या वहीत बावीसच्या वर गुन्हा असतो.

"आता ओत. आणि ओरड."

विरजण पडताना ओरडायचं असतं इथे.
भित्रा ओरडला तर बियरही भित्री.
वडिलांची आरोळी फ्योर्ड ओलांडायची,
पलीकडची कुत्री भुंकायला लागायची,
आणि मी, सात वर्षांचा, लाजून गोठ्यात पळायचो.

माझी पहिली आरोळी :
औषधांच्या दुकानात कुणीतरी खाकरल्यासारखी.
गुडलाउग म्हणाली, "एवढ्यानं डासही उठणार नाही."

दुसरी कुठून आली माहीत नाही.
शब्द नव्हता तिच्यात.
घसा सोलत गेली ती,
आणि समोरच्या कड्यानं
जरा उशिरानं, जरा जाड आवाजात
परत पाठवली.
आम्ही तिघं नुसते उभे.
रात्री पिंप पुटपुटायला लागलं,
घरभर संत्र्याच्या सालीचा वास.

शनिवारी दोन कानांचं लाकडी भांडं
हातोहात फिरलं.
गुडलाउगनं ओठांवरचा फेस पुसला.
"बरी झालीय. त्याची फार गोड असायची.
थांबायचाच नाही तो,
अर्धी आंबली की काढायचा."
आई हसली, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा,
आणि हसता हसता भांडं खाली ठेवून बाहेर गेली.

वहीत लिहिलं : तारीख, माल्टचं वजन,
यीस्ट, गुडलाउगकडून.
आवाजाला रकाना नव्हता.
एक आडवा आखला, रिकामा सोडला.

नळाचं अजून ठरायचंय.