फक्त पेन्सिल वापरावी

त्रिएस्तच्या जुन्या मासळीबाजारात
वर्षातून दोनदा आम्ही एखादा ऑपेरा उठवतो.
झोपेतून उठवावा तसा, हळूच.
राजवाडा नाही, तलवार नाही, पडदासुद्धा नाही.
छत्तीस खुर्च्या, छत्तीस लोखंडी स्टँड,
आणि फरशीत मुरलेला सार्डिनचा वास,
तो तिकीट न काढता पहिल्या रांगेत बसतो.

मी गात नाही, वाजवत नाही.
कागद सांभाळतो.
चाळीस वर्षं बंदरावर, कस्टमच्या खिडकीत,
लोकांच्या पेट्या उघडल्या;
आता संग्रहालयातून आलेल्या उघडतो
आणि प्रत्येकाला तेच बजावतो:
फक्त पेन्सिल. आणि परत करताना
सगळं खोडून.

या खेपेचा ऑपेरा एकदाच झालेला,
एका रात्री,
खापरपणजोबांच्या वेळी कधीतरी.
संगीतकाराच्या नावावर पाणी पडलंय,
अगदी खरोखरचं पाणी,
मुखपृष्ठावर डाग आहे आणि डागाच्या काठाला
"नी" एवढंच शिल्लक.
म्हणून आम्ही त्याला नी म्हणतो.
"या नीनं ओबोला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही,"
निवेस कुरकुरते,
जणू नी तिच्या मजल्यावर राहतो
आणि जिन्यात सायकल लावतो.

दुसऱ्या अंकात राजाला विष देतात.
उल्देरिको उभ्याउभ्या मरतो,
पान उलटतो, खुर्चीत बसतो,
बाटलीचं झाकण फिरवून घटाघटा पाणी पितो.
आता राणीनं शोक करायचा.
फुल्विया उठते, पर्स चाचपते.
चष्मा घरी.
मेलेला राजा आपला चष्मा काढतो,
शर्टाच्या टोकाला पुसतो,
मुकाट्यानं तिच्या हातात देतो.
ती त्याच्यासाठी रडते
त्याच्याच काचांतून,
आणि एकसष्ट माणसांतलं
कुणी म्हणजे कुणी हसत नाही.

तालमीतली एक गोष्ट सांगायची राहिली.
दुसऱ्या व्हायोलाच्या कागदावर,
एकशे बाराव्या रेघेपाशी,
जुनी पेन्सिल, राखेसारखी फिकट:
"इथं दिवा गेला. आठवणीनं वाजवलं."
दारिंकानं ते मोठ्यानं वाचलं.
कुणाची तरी खुर्ची करकरली.
माय्दानं छडी खाली ठेवली,
पुन्हा उचलली,
म्हणाली, "एकशे बारापासून."

म्हणून प्रयोगाच्या रात्री मी वाट पाहत होतो,
भिंतीला टेकून, एकशे दहा, एकशे अकरा.
बाहेर बोरा वारा खिडक्यांना धडका देत होता.
मला वाटलं, जाईल आता वीज.
गेली नाही.
वीज कशाला जाते कुणाच्या सोयीनं?
फक्त दारिंकानं डोळे मिटले.
चार रेघा तिनं न बघता वाजवल्या,
चौथीत एक सूर घसरला.
कुणाला कळलं नसणार.
मला कळलं,
कारण मी त्याच जागी कान लावून उभा होतो.

टाळ्या थोड्या होत्या, पण रेंगाळल्या.
मग स्टँड मिटले, कोट सापडले,
नी पुन्हा झोपायला निघाला.

आज सकाळपासून खोडतोय.
श्वासाच्या खुणा. "इथं माय्दाकडे बघ."
निवेसनं ओढलेल्या दोन शिव्या.
फुल्वियाच्या पानावर, शोक सुरू होतो तिथं,
वादक सावध राहायला काढतात तसा
एक छोटा चष्मा;
रबर फिरवताना तो अर्धाच गेला,
एक काच राहिली. पुन्हा फिरवलं.
तळहातावर राखाडी चुरा.

दुसरा व्हायोला. एकशे बारा.
जुनी ओळ आहे तिथंच,
आणि तिच्याखाली नवी, टोकदार, काळी:
"इथं दिवा होता. तरी चुकले."

नियम माझाच आहे.
चाळीस वर्षांत एकही पेटी
न तपासता सोडली नाही मी.
रबर खिशात टाकतो,
झाकण लावतो,
दोरीची गाठ जरा घट्टच मारतो.