मालाचे वर्णन

गेंडी गेटच्या आत, कापडवाल्यांच्या मागल्या बोळात
आमचं बग्ग्यांचं काम.
मोसम तुळशीच्या लग्नानंतरचा.
त्याआधी नुसती रंगरंगोटी आणि काकांची पाठदुखी.

यंदा दिवाळी सरता सरता अलकापुरीहून एक माणूस आला,
फोनवरचं चित्र पुढे धरून:
लाल गाडी, सोनेरी नक्षी, पुढे घोडा,
खाली सगळं पांढरंफेक.
"डिसेंबरमां जोईए. मॉलना दरवाजा आगळ."
तुळाजीकाकांनी चष्मा पुसला. चाकं कुठायत?
चाकं नाहीत.
नाहीत म्हणजे, चित्रात नाहीत की गाडीलाच नाहीत?

सागाच्या दोन पट्ट्या वाफेवर धरून वाकवल्या,
पुढून वर वळलेल्या, नवरदेवाच्या मोजडीसारख्या.
आरे नाहीत, तुंबा नाही, धाव नाही, वंगण नाही.
चाकं करणारे अब्बासभाई तरी रोज यायचे,
चहा घ्यायचे
आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे.

माझं काम बिलाचं.
तारीख लिहिली, नग एक लिहिलं,
'मालाचे वर्णन'पाशी पेन थांबलं.
त्या माणसाने जाता जाता म्हटलं होतं काहीतरी, स्लेज.
काकांना ऐकू आलं सलज्ज.
"बरोबर आहे," ते म्हणाले, "म्हणून पाय झाकून बसते."

मग भुशावर बसून सगळ्यांचीच नावं निघाली.
टमटम तिच्या आवाजावरून, असं अब्बासभाई.
शिगराम शीघ्रवरून, असं काका;
पण आजोबांच्या शिगरामातून न्यायमंदिराला गेलेला एकही अशील
तारखेला वेळेवर पोचल्याचं ऐकिवात नाही.
व्हिक्टोरिया म्हणजे राणी.
ती कधी या बोळात आली नाही, लीद मात्र आली.
छकड्याचं कोणालाच सांगता येईना.
"कुणीतरी आधी हाक मारून मोकळा होतो," काका म्हणाले,
"कारण मागाहून शोधायचं,
लग्न लागल्यावर पत्रिका जुळवावी तसं."

शेवटच्या दिवशी बोळभर भुसा पसरला
आणि मोरणीला जुंपलं.
अकरा वर्षं वराती ओढलेली घोडी,
ढोलाला, फटाक्यांना न बिचकणारी.
चार पावलं चालली. थांबली.
मान वळवून मागे पाहिलं.
पुन्हा चार पावलं, पुन्हा मान.
तंग नीट होता, लगाम सैल होता, काही चुकलं नव्हतं.
मागे खडखड नव्हती, एवढंच.
तिला वाटत असणार, गाडी कुठेतरी गळून पडली,
नवरानवरी राहिली मागे.

अब्बासभाई उठले. न बोलता घरी गेले,
वडिलांच्या टांग्याचा घुंगरांचा पट्टा घेऊन आले,
आणि गळ्यात नाही,
गाडीच्या मागल्या दांडीला बांधला.
मोरणीने कान मागे केले, ऐकलं,
आणि बोळाच्या टोकापर्यंत सरळ चालत गेली.

बर्फातल्या घोड्यांचं कसं होत असेल, मी विचारलं.
काका फोनवरचं चित्र बोटांनी मोठं करत राहिले.
"घंटा आहेत बघ," म्हणाले. "त्यांनाही कुणीतरी सांगावं लागतंच."

माल नेताना त्या माणसाने बिल मागितलं.
पहिली ओळ कोरीच होती.
खाली मी लिहिलं: घुंगरांचा पट्टा, एक, अब्बासभाईंचा.
परत करणे.