पळणारा माणूस

बिशप ऑकलंडला डिसेंबरात
साडेतीनलाच दिवे लागतात.
शेजारच्या मॉरीनला हवा होता
तिच्या टॉफीचा, धावतानाचा, एक तरी फोटो.
व्हिपेट कुत्री; शर्यतींचं शेवटचं वर्ष.

माझा कॅमेरा चॅरिटी शॉपमधला, नऊ पौंडांचा.
शटरचा आकडा सांगतच नाही;
चकतीवर नुसती चित्रं: फूल, डोंगर, चंद्र,
आणि एक पळणारा माणूस.

पहिल्या खेपेला चुकून फुलावरच राहिली चकती.
कुंपण लख्ख आलं, खिळ्यांसकट,
आणि टॉफी म्हणजे
पाटीवर ओल्या बोटाने पुसलेली रेघ.

मग पळणारा माणूस.
कोपरं बरगड्यांशी, पाय रोवलेले,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरला
आणि तिच्याबरोबर कमरेतून वळत गेले.
खट्.

मैदान विरघळलं. ती नाही.
मॉरीनने चष्मा पुसला,
पडद्याला नाक लावून पाय मोजले.
पुन्हा मोजले.
"अगं, एकही जमिनीवर नाही!"
सात वर्षं तिने
त्या पायांचा फक्त चिखल धुतला होता.

रात्री हीटरपुढे
टॉफी झोपेतच धावत होती.
मॉरीन म्हणाली, फोटोसाठी दिवा लावू का?
राहू दे, म्हटलं.