अर्धी बाटली

शिंदे की छावणीतल्या पार्ट्सच्या दुकानात
लखमीचंदच्या मुलाने काउंटरवर बाटली ठेवली,
लाल टोपणाची, आत मधासारखं दाट काहीतरी,
म्हणाला, मॅडम, इंजिन पुन्हा सोळा वर्षांचं होईल.
मी म्हटलं, सोळाव्या वर्षीच तर ते सगळ्यात जास्त बिघडायचं.
तरी घेतली.
सव्वाचारशे रुपये. पावती मागून.

एजी ऑफिसात तेहेतीस वर्षं
दुसऱ्यांच्या खर्चावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या,
म्हणून माझ्या गाडीचीही वही आहे.
सत्त्याण्णवची आठशे, रंग मूळचा पांढरा.
हजार किलोमीटरला तीनशे मिली तेल पिते.
सकाळी थाटीपूरच्या गल्लीत निळा धूर सोडते
आणि शेजारचे तोमर खिडकी लावून घेतात,
हळूच, मला वाईट वाटू नये इतपत.

बाहेर पंचेचाळीस अंश.
अर्धी बाटली ओतली.
दुसऱ्या दिवशी टॅपेटची टकटक गायब.
फूलबागेच्या सिग्नलला वाटलं बंदच पडली,
दोनदा किल्ली फिरवली चालू गाडीत,
ती दातओठ खाऊन ओरडली
आणि मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या वयाचा उद्धार केला.
घरी येऊन वहीत लिहिलं: आवाज नाही.
पुढे प्रश्नचिन्ह.

दोन हजार किलोमीटरनंतर बेरीज मांडली.
तीनशेच्या जागी दोनशे नव्वद.
दहा मिली म्हणजे
मापताना माझाच हात हलला असणार.

ट्रान्सपोर्ट नगरात बदनसिंगने डिपस्टिक ओढली,
दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला,
न्हाव्याने केस पाहावेत तसा माझ्याकडे पाहून म्हणाला,
आवाज गेला दीदी, झीज कुठे गेली?
झीज आता बोलत नाही, एवढंच.
सहा व्हॉल्वची सहा रबरी सीलं,
हरभऱ्याएवढी, वाळून प्लास्टिक झालेली,
ती बदला. बाटलीने रबर मऊ व्हायचं नाही.

त्याच्याच फळीवर तीच लाल टोपणं ओळीने उभी.
मग विकतोस कशाला?
लोक मागतात, तो म्हणाला.
कुणाला येत्या रविवारी गाडी विकायची असते.

ऋजुता सोबत होती, माझी भाची,
तिची टर्बो आठ महिन्यांची, अजून सीटला प्लास्टिकचा वास.
उरलेली मला दे ना मावशी, वाया कशाला घालवायची.
बदनसिंगने बाटली उचलून स्वतःच्या मागे ठेवली,
पोराच्या हातातून काडेपेटी काढतात तशी.
तिच्या गाडीचं तेल पाण्याइतकं पातळ,
मळ धुणारं, झीज अडवणारं, फेस मारणारं
सगळं त्यात कारखान्यातच मोजून घातलेलं.
मला पंगतीतले ते लोक आठवले
जे वरण चाखायच्या आधीच मीठ मागतात.
आणि वॉरंटीच्या कागदात मागच्या पानावर
बारीक अक्षरात हेच होतं.
मी बारीक अक्षर वाचते.
माझी पेन्शन त्याच्यावरच आलीय.

सीलं बदलली. एकवीसशे, मजुरीसकट.
नवं तेल, साधं, वीस-पन्नास, वरून काही नाही.
धूर गेला. टकटक परत आली, थोडी.
इतकी असावी, बदनसिंग म्हणाला, गार असताना.
तोमरांची खिडकी आता उघडी असते
आणि त्यांच्या रेडिओवरचं शेतीचं भाषण मला ऐकावं लागतं.

उरली अर्धी बाटली.
फेकवेना. सव्वादोनशेहून थोडी कमीच रक्कम, पण रक्कम.
एका दुपारी फाटकाच्या बिजागऱ्यांवर ओतून टाकली.
बावीस वर्षांची कुरकुर एका घोटात बंद.
वहीत नोंद केली: इथे चालतं.

काल स्वयंपाकघरातून बाहेर आले
तर तोमरवहिनी कढीची वाटी घेऊन अंगणात उभ्या,
कधीच्या कोण जाणे,
आणि मी आपली आकडे जुळवत,
मोठमोठ्याने,
हातचा एक कुणाला तरी समजावून सांगत.