उसनं ऊन

मांजरीच्या नर्सरीतला झुंबर म्हणाला होता,
"ताई, हिला ऊन दिसलं पाहिजे,
लागायला नको."

म्हणून मॉन्स्टेरा खिडकीपासून तीन फरश्या आत.
मार्चात चार. एप्रिलात
आईच्या विरलेल्या इंदुरी पातळाचा पडदा.
काथ्याची काठी धरून ती चढत राहिली,
दर पानाला एक भोक जास्त.

मग पौड रोडच्या बाजूची सोसायटी पाडली.
स्लॅबवर स्लॅब पडत गेले.
सातव्यानंतर आमच्याकडे
साडेदहाला उजाडायला लागलं.
नवी पानं आली ती अखंड, लहान,
काही न शिकलेली.
कुंडी एकेक फरशी पुढे सरकवली,
पार ग्रिलला टेकेपर्यंत.
पडदा धुऊन कपाटात.

गेल्या आठवड्यात तिथे काचा बसल्या.
आणि कोवळ्या पानावर तपकिरी डाग,
इस्त्री विसरावी तसा.

रविवारी लक्ष ठेवून बसले.
पावणेपाचला
नवव्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बेडरूमला धडकून
ऊन आलं घरात.
मावळतीचं ऊन,
पूर्वेच्या खिडकीतून.

स्टुलावर चढून पातळ पुन्हा अडकवलं.
उतरताना दिसलं,
पुढच्या पानाची सुरळी
आधीच तिकडे वळली होती.