अकरा मिनिटं

जिंतूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत,
सातवीच्या वर्गात लेकरं अकरा.
पुस्तकातल्या मुलांकडं क्रिकेटच्या धावा होत्या,
आवडत्या आइस्क्रीमचे पाच प्रकार होते.
मी पुस्तक मिटलं. म्हणालो,
घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात,
उद्या मोजून आणा.

घड्याळ तिघांच्याच घरी.
मुंजाजीनं मोजलं आजोबांच्या बिडीत:
पेटवली तेव्हा निघालो, विझली तेव्हा फाटकात.
तय्यबाच्या दारात गिरणी,
एक पायली दळण उतरेस्तोवर ती वर्गात.
गंगासागर म्हणाली, सर, माझं खरं धरू नका,
मोजत निघाले तर पाय आपोआप हळू पडायले.
हे वाक्य मी वहीत टिपून ठेवलं.
मोठ्या पुस्तकांत याला काहीतरी वेगळं नाव आहे.

मग बिडीची मिनिटं केली, दळणाची मिनिटं केली,
फळ्यावर काड्या पडत गेल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी,
कडब्याची पेंढी आवळावी तशी.
पाच मिनिटांच्या आत सहा जण: एक पेंढी, वर एक काडी.
दहाच्या आत चार: पेंढी बांधायची राहूनच गेली.
आणि पार खाली, एकटी,

मेनका आडे. वरच्या तांड्यावरची.
तिनं भावाच्या मोबाइलवर वेळ लावली होती.
अडुसष्ट.

वर्ग हसला नाही. वर्गाला माहीत होतं,
फक्त आकडा माहीत नव्हता.

बेरीज एकशे एकवीस. भागिले अकरा.
उत्तर अकरा, बाकी शून्य.
इतकं नेटकं, की मुंजाजीनं शेजारच्याला टाळी दिली.
मग तय्यबाच विचारती झाली:
सर, पण अकरा मिनिटं कोन चालायलंय?

कोणीच नाही.
तीनवाली नाही, आठवाला नाही.
शाळेपासून अकरा मिनिटांवर
एक म्हसोबा आहे आणि एक बंद पडलेला हापसा.

त्यांना रांगेत उभं केलं, लहान आकड्याकडून मोठ्याकडं.
मधला सहावा हनमंत, पाच मिनिटं.
हा मध्यक, म्हणालो. हनमंतानं कॉलर ताठ केली.
मेनकाचे अडुसष्ट असोत की सहाशे ऐंशी,
हनमंत जागचा हलत नाही.
हे चांगलं की वाईट, मला सांगता आलं नाही.

तेवढ्यात मेनकानं डस्टर पुढं केलं.
माझा आकडा काढा सर, मंग बराबर यायलंय.
हिशोब तिनं आधीच करून ठेवला होता,
त्रेपन्न भागिले दहा, पाच पूर्णांक तीन.

मी डस्टर खिडकीत ठेवलं, बाहेरच्या बाजूला.

स्तंभालेख मैदानात काढला, कबड्डीच्या चुन्यानं.
एका मिनिटाला एक पाऊल.
दहा खांब झेंड्याच्या ओट्याच्या आतच आटोपले.
अकरावा चालत राहिला,
ओटा, मग हौद, मग फाटक.
फाटकाबाहेर चुना सरला तशी
पोरांनी खिचडीच्या चुलीतली राख उपसून आणली.
अडुसष्टावं पाऊल पडलं
ते डांबर संपतं तिथं.
तिथून तांडा दिसतसुद्धा नव्हता.

दुपारी मुख्याध्यापकांनी तक्ता मागितला.
रकाना एकच: सरासरी वेळ.
मी अकरा लिहिलं. चूक नव्हतं.
समासात बारीक अक्षरात अडुसष्ट लिहिलं,
नेमका त्यावरच शाळेचा शिक्का बसला.

शाळा सुटली. दहा जण आपापल्या खांबांवरून
उड्या मारत पांगले.
मेनका राखेच्या रेघेवरून चालली, सावकाश.
मोजत नसावी.
रेघ संपली तिथं थांबली, चपलेची राख झटकली,
दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं
आणि उरलेलं चालू लागली.